उनस्टाडला पाण्यातून काढलेले सगळे फोटो धुरकट येताहेत, तातडीने मदत हवी

दर्यावर्दी६८
नमस्कार मंडळी. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांवर उनस्टाडला आलोय, अजून चार दिवस आहे. पाण्यात उतरून सर्फरचे फोटो काढतोय. पहिली पाच-दहा मिनिटं सगळं ठीक, मग मधोमध पांढरा ढग येतो आणि कडेला थेंब. कॅमेरा चांगला आहे, हाउसिंग (कॅमेऱ्याचं जलरोधक कवच) नवं आहे, गळत नाही. परवा वायव्येकडून मोठा स्वेल (दूरच्या समुद्रातून येणाऱ्या लाटा) येतोय आणि वारा आग्नेयेचा आहे. इथल्या किनाऱ्याला याहून चांगला मेळ नाही, आणि या मुक्कामात तो परत मिळणार नाही. हाउसिंग बदला, दुसरी लेन्स घ्या असलं कृपया सांगू नका, जवळपास दुकान नाही. हाताशी आहे त्यात काय करता येईल ते सांगा.

खारा_वारा
माहिती फार कमी दिलीत. एवढं सांगा:
पोर्ट (लेन्ससमोरची खिडकी) सपाट आहे की डोम, म्हणजे घुमटासारखा? काचेचा की ॲक्रिलिकचा? ढग आतून आहे की बाहेरून? पाण्यातच बाहेरून बोट फिरवून बघा. पुसला गेला तर बाहेरचा, तसाच राहिला तर आतला. आणि हाउसिंग बंद कुठे करता? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

गिरगावकर
एवढी यातायात कशाला? एक ॲक्शन कॅमेरा घ्या, बोर्डाच्या नाकावर चिकटवा. ना डोम, ना ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी), ना ढग.

खारा_वारा
@गिरगावकर, बोर्डावरचा कॅमेरा फक्त त्या बोर्डावरच्या माणसाला दाखवतो. यांना लाटेच्या पोटातून दुसऱ्याचा फोटो हवाय. शिवाय नवीन काही घ्यायचं नाही हे त्यांनी लिहिलं आहे.

दर्यावर्दी६८
डोम आहे, ८ इंची. बोटाने पुसून पाहिलं, जात नाही. बंद अर्थातच केबिनमध्ये करतो, बाहेर शून्याखाली आहे, दुसरीकडे कुठे करणार? आता उपाय सांगा.

आकडेमोड
मग ढग आतला आहे आणि तो तुम्ही केबिनमधूनच बरोबर नेताय.
खोलीत २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरा. त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरायला लागतं तो) साधारण १० अंश येतो. समुद्राचं पाणी या दिवसांत ५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे डोम १० च्या खाली गेला की आत दव धरणारच. डोम ॲक्रिलिकचा असेल तर त्यातून उष्णता हळू जाते, म्हणून पहिली काही मिनिटं बरी जातात. खोलीत ओले वेटसूट वाळत घातले असतील आणि स्वयंपाकही तिथेच होत असेल, तर आर्द्रता ६५ टक्के सहज होते आणि दवबिंदू १४ वर जातो.
पाणी किती लागतं तेही बघा. हाउसिंगमध्ये ३ लिटर हवा असेल, तर २१ अंशांवरून ५ वर येताना फक्त ७ मिलिग्रॅम पाणी सुटतं. एवढंच डोमवर बसलं तरी पांढरा ढग दिसतो.
उलट बाहेरची हवा शून्य अंश आणि ८० टक्के असली तरी तिचा दवबिंदू उणे ३ च्या आसपास असतो. ती हवा आत कोंडली तर ५ अंशांच्या पाण्यात दव धरूच शकत नाही. हाउसिंग थंडीत बंद करा, प्रश्न मिटला.

निळावंती
आकडे बरोबर आहेत, पण "प्रश्न मिटला" हे मान्य नाही. थंडीत बधिर बोटांनी, टॉर्चच्या उजेडात ओ-रिंग बसवायची म्हणजे कॅमेरा बुडवायची तयारी. एक केस किंवा वाळूचा एक कण खाचेत राहिला की संपलं. त्यापेक्षा केबिनमध्येच शांतपणे बंद करा आणि आत सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवा. ७ मिलिग्रॅम पाणी त्यांच्यापुढे काहीच नाही.

आकडेमोड
@निळावंती, जेलची क्षमता भरपूर आहे, प्रश्न वेगाचा आहे. बंद डब्यात, हवा हलत नसताना ओल शोषायला जेलला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. बंद करून दहा मिनिटांत पाण्यात उतरलात तर डोम जेलच्या आधी थंड होतो आणि जिंकतो. शिवाय बरेच लोक वापरून ओली झालेलीच पुडी परत ठेवतात. जेल ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दीड-दोन तास भाजून घ्यायला हवं. मणी दाखवणारं जेल असेल तर निळं म्हणजे कोरडं, गुलाबी म्हणजे ओलं. पुडीचा कागद तेवढी उष्णता सोसत नसेल, तर मणी काढून ताटलीत पसरा आणि गार झाल्यावर कापडी पुरचुंडीत बांधा.

खारा_वारा
दोघांचंही जोडता येतं. काम दोन टप्प्यांत करा.
केबिनमध्ये उजेडात ओ-रिंग काढून लिंट नसलेल्या कापडाने पुसा आणि बोटांमधून पूर्ण फिरवून बघा. खाच कापसाच्या काडीने साफ करा. ग्रीस फक्त चमक येईल इतकंच, आणि हाउसिंगबरोबर आलं असेल तेच. ओ-रिंग सिलिकॉनची असेल आणि वर सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते. मग कॅमेरा बसवा, ट्रिगर दाबून बघा, पण मागचं झाकण नुसतं टेकवा, चाप लावू नका. सगळं स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात ठेवून न तापवलेल्या कोठीत किंवा गाडीच्या डिकीत पाऊण तास राहू द्या. आतली हवा बदलते, कॅमेराही गार होतो. मग जेलच्या पुड्या टाका, कड एकदा डोळ्यांखालून घाला, चाप लावा. थंडीत एवढंच काम उरतं.
आत श्वास सोडू नका. ओले केस झाकणावर झुकवू नका. या दोन गोष्टींनी अख्खी मेहनत वाया जाते.

निळावंती
हे मान्य. एक जोड: गरम खोलीत बंद करून थंड पाण्यात नेलं की आतला दाब सुमारे ५ टक्के उतरतो, म्हणजे साधारण अर्धा मीटर पाण्याइतका. त्याने ओ-रिंग घट्ट बसते, पण नंतर झाकण उघडत नाही म्हणून लोक सुरी घालतात आणि खाचेवर ओरखडा पाडतात. थंडीत बंद केलं की ही अडचणही राहत नाही.
परत आल्यावरची काळजी त्याहून मोठी. कॅमेरा गार असताना केबिनमध्ये उघडला तर लेन्सवर आणि माउंटच्या आत दव धरतं. आधी गोड्या, कोमट पाण्याने हाउसिंग धुवा, मग बंदच ठेवून दोन तास खोलीत राहू द्या. कार्ड किंवा बॅटरी मध्येच बदलायची असेल तर हीटर बंद असलेल्या गाडीत बदला. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

सध्या_स्टाव्हांगर
ढगाचं झालं. थेंबांचं कोणीच बोललं नाही. डोम काचेचा की ॲक्रिलिकचा, हे अजून सांगितलं नाहीत. आणि बाहेरून काही लावलंय का?

दर्यावर्दी६८
ॲक्रिलिक. गाडीच्या काचेवर पावसासाठी लावतात ते द्रावण लावलं होतं, दोनदा. व्हिडिओत सगळे लावतात.

सध्या_स्टाव्हांगर
ते लगेच थांबवा. ते द्रावण काचेसाठी असतं. त्यातल्या अल्कोहोलमुळे ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. डोम दिव्यासमोर तिरका धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय का ते. सौम्य साबण आणि कोमट पाणी, एवढंच. कागदी रुमालाने पुसू नका.
काचेच्या पोर्टवर पाणी टिकू द्यायचं नसतं. ॲक्रिलिक डोमचं नेमकं उलटं: तो पूर्ण ओला ठेवायचा. उतरण्याआधी डोमला बाहेरून सगळीकडे थुंकी चोळा, सुकू द्या. लाट येण्याच्या दोन-तीन सेकंद आधी डोम पाण्यात बुडवून वर काढा. पाण्याचा एकसंध पातळ पापुद्रा राहतो आणि तो फुटून थेंब व्हायच्या आत फोटो घ्यायचा. पापुद्रा लवकर फुटायला लागला की परत थुंकी.
उत्तरेकडे एक गोष्ट वेगळी आहे. हवा उणे ७-८ आणि वारा असेल तर वर धरलेल्या डोमवर हा पापुद्रा गोठतो. लाटांच्या दोन गटांच्या मधल्या वेळात डोम पाण्याखालीच ठेवा, पाणी हवेपेक्षा ऊबदार आहे. काही जण थुंकी चोळण्याऐवजी डोम थेट चाटतात. ते करायचंच तर केबिनमध्ये, आणि धातूच्या कड्याला थंडीत जीभ लावू नका.

गिरगावकर
लाटांसाठी एवढ्या लांब कशाला जायचं? गोव्यात मोरजी, आश्वे आहे. पाणी २८ अंश. लोफोटेनला तर हे सर्फिंगचं खूळ अलीकडचंच असणार.

सध्या_स्टाव्हांगर
अवांतर, पण ही समजूत दुरुस्त व्हायला हवी. उनस्टाडला १९६३ मध्ये थोर फ्रांत्सेन आणि हान्स एगिल क्राने हे दोन स्थानिक तरुण घरी बनवलेले बोर्ड घेऊन उतरले होते. ६८ अंश उत्तरेला हे जमतं, कारण अटलांटिकमधला ऊबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येतो आणि समुद्र गोठत नाही. लाटेला डोंगरांमधली ती वायव्येकडे उघडी खाडी लागते, ती गोव्याला नाही.

कॅथनेस_काठ
मी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला थर्सोजवळ असतो. वेटसूट कोणता आहे हे कोणी विचारलंच नाही! ६/५/४ मिलिमीटरचा (धडाला सगळ्यात जाड, हातापायांना पातळ), जोडलेल्या टोपीचा, शिवणींवर आतून टेप असलेला हवा. पायात ७ मिलिमीटरचे बूट, हातात ५ चे. तीन बोटांचे हातमोजे घ्या, तर्जनी मोकळी राहते आणि ट्रिगर दाबता येतो. पोहत फोटो काढणाऱ्याने मात्र ७ चे बूट घालू नयेत, फिन्समध्ये (पोहण्याच्या पायपंखांत) पाय जात नाही. ५ चे निओप्रिन मोजे, एक माप मोठे फिन्स, आणि फिन्सना घोट्याशी दोरी.

थंडाई
ड्रायसूट का नाही? पाणबुडे तोच वापरतात.

कॅथनेस_काठ
लाटेत नको. मानेचं किंवा मनगटाचं सील उलटलं तर सूटमध्ये पाणी भरतं. आतली हवा पायांकडे गेली की डोकं वर ठेवणं कठीण होतं. लाट डोक्यावरून जाताना तिच्या खाली जायचं असतं, तेही हवा भरलेल्या सूटमध्ये जमत नाही.

थंडाई
आत हवा कमी ठेवता येते की. कायाकवाले घालतातच.

कॅथनेस_काठ
कायाकवाला बोटीत बसलेला असतो, फुटणाऱ्या लाटेत पोहत नसतो. मी यावर ठाम आहे.

दर्यावर्दी६८
सूट ठीक आहे, ६/५. विषय भरकटतोय. आणखी एक अडचण: डोम स्वच्छ असतानाही निम्मे फोटो मऊ येतात. शटर १/१००० ठेवलंय. हात हलतोय का?

खारा_वारा
हात नाही, फोकस. ऑटोफोकस डोमवरचे थेंब आणि समोरचे तुषार पकडतो. लेन्स कोणती?

दर्यावर्दी६८
१५ मिमी फिशआय (अतिरुंद कोनाची), कॅमेरा फुल फ्रेम.

खारा_वारा
मग ऑटोफोकस बंदच करा. एफ/८ ला १ मीटरवर फोकस लावला की साधारण अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. उजेड कमी असेल तर एफ/५.६ आणि १.३५ मीटर, मग पाऊण मीटरपासून पुढे. लेन्सवरच्या आकड्यांवर विसंबू नका. केबिनमध्ये टेपने अंतर मोजा, स्क्रीनवर मोठं करून तपासा, मग फोकसचं कडं चिकटपट्टीने बांधा. पाण्यावरच्या फोटोंना हे चालतं. पूर्ण पाण्याखालून काढणार असाल तर डोममुळे कॅमेऱ्याला वस्तू जवळ दिसते, तेव्हा फोकस बराच अलीकडे आणावा लागतो.
आयएसओ १६०० ते ३२०० ला घाबरू नका. मागे बर्फाचे डोंगर आले की कॅमेरा फ्रेम काळवंडवतो. एक्स्पोजर एक स्टॉप वर (दुप्पट उजेड) द्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

कॅथनेस_काठ
आता मला खरी काळजी आहे तो प्रश्न. परवा मोठा स्वेल म्हणताय. एकटे उतरताय का?

दर्यावर्दी६८
सर्फर असतातच की पाण्यात. बरोबर कोणी नाही.

कॅथनेस_काठ
सर्फर लाटेकडे बघत असतो, तुमच्याकडे नाही. किनाऱ्यावर एक माणूस ठेवा, त्याचं काम फक्त तुम्हाला नजरेत ठेवणं. बाहेर यायची वेळ आधी ठरवा. वल्हवणारा सर्फर स्वतःला गरम ठेवतो, जागेवर तरंगणारा फोटोग्राफर त्याच्या आधी गारठतो. तासाभरात बाहेर या. बोटं एकमेकांना चिकटवता येईनाशी झाली, तर तासाची वाट न बघता लगेच.
उतरताना आधी तोंडावर आणि मानेवर पाणी घ्या, श्वास ताब्यात येईपर्यंत कमरेइतक्या पाण्यात थांबा. पहिल्याच मिनिटात डोक्यावरून लाट गेली आणि धाप लागली तर पाणी नाकातोंडात जातं. बाहेर आल्यावर वाऱ्याआड कोरडे व्हा, टोपी घाला, गोड गरम पेय घ्या. दारू नाही. थरथर थांबेपर्यंत गाडी चालवू नका, बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ गार होत राहतं.
नॉर्वेत समुद्रातल्या संकटासाठी १२० आणि रुग्णवाहिकेसाठी ११३. किनाऱ्यावरच्या माणसाच्या फोनमध्ये दोन्ही ठेवा.

सध्या_स्टाव्हांगर
याला +१. आणि उनस्टाडची उजवी लाट गोल धोंड्यांवर फुटते. मोठ्या दिवशी पहिल्यांदाच तिथे पोहत जाऊ नका. हेल्मेट घाला, मधल्या वाळूच्या भागातून उतरा आणि तिथूनच बाहेर या. पाण्यात जाण्याआधी वीस मिनिटं नुसते बघा, पाणी बाहेर ओढून नेणारी वाट कुठून जाते ते.

रात्रपाळी
तिथे ऑरोराच्या उजेडात सर्फरचा फोटो येतो का? किती सेकंद एक्स्पोजर लागेल?

दर्यावर्दी६८
आज दुपारी लहान लाटांत करून पाहिलं. डिकीत पाऊण तास ठेवून बंद केलं, जेल भाजून घेतलं होतं. ५० मिनिटं आत ढगाचा मागमूस नाही. थुंकीने थेंबही गेले. फोकस बांधल्यावर दहापैकी आठ फोटो धारदार. शेजारच्या केबिनमधली एक बाई परवा किनाऱ्यावर उभी राहायला तयार आहे, तिला दोन्ही नंबर दिलेत. सगळ्यांचे मनापासून आभार.
एकच राहिलं. दिव्यासमोर बघितलं तर वरच्या डाव्या भागात खरंच जाळं दिसतंय. घासून काढू का?

सध्या_स्टाव्हांगर
परवाच्या आधी हात लावू नका. बाहेरच्या बारीक ओरखड्यांत पाणी भरलं की ते पुष्कळसे दिसेनासे होतात, ओल्या डोमवर निभावेल. फक्त उजेड त्या कोपऱ्यावर तिरका येणार नाही अशा बाजूला तरंगत राहा. घरी गेल्यावर मायक्रोमेशचा (ॲक्रिलिक घासायच्या बारीक पॉलिश कापडांचा, आकडा जितका मोठा तितकं बारीक) संच आणा. ओरखडा बोटाला लागत असेल तरच १५०० पासून, नाहीतर ३६०० पासून सुरू करून १२००० पर्यंत, पाणी लावत, प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा काटकोनात बदलत. आधीच्या पायरीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. पण भेगा पृष्ठभागापुरत्या नसून आत गेल्या असतील तर घासू नका, डोमच बदला. लाटेचा मार बसून डोम तिथूनच तडकतो.

दर्यावर्दी६८
नखाला लागत नाहीये. परवाचं झालं की फोटो इथेच टाकतो.