केमो संपल्यावर पोट उघडून बघतात का?

मिरजेची_लेक: आईला पोटातला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. आर-चॉप या केमोचे सहा डोस दिवाळीच्या आधी संपले. सीटीत अजून तीन सेंटीमीटरची गाठ दिसते. मामाला 1981 साली हॉजकिन्स, म्हणजे लिम्फोमाचाच एक प्रकार, झाला होता. तो सदरा वर करून टाके दाखवतो आणि म्हणतो, "माझं औषध झाल्यावर पोट उघडून खात्री केली, तसंच करा." आई 67 वर्षांची, त्यात शुगर. डॉक्टर म्हणतात पेट-सीटी, तोही महिन्याभराने. थांबायचं कशाला?

निवृत्त_सिस्टर: मामा खोटं सांगत नाहीत. मी तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. बरगड्यांखालून बेंबीच्या खालपर्यंत उभी चीर, यकृताचे तुकडे, महाधमनीलगतच्या गाठी, आणि आधी काढली नसेल तर अख्खी पाणथरी (प्लीहा). प्रत्येक नमुन्याची बाटली वेगळी. चिठ्ठ्या लावायचं काम माझं. एवढं करून कित्येकदा रिपोर्ट यायचा: नुसता फायब्रोसिस. म्हणजे गाठ मेलेली, उरला तो वण. सीटी गाठीचं माप सांगतो, ती जिवंत आहे का ते नाही. आता ते पेट सांगतो. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात; जिवंत लिम्फोमा ती ओढतो, म्हणून चमकतो. पण केमोनंतरची सूजही चमकते, म्हणून सहा ते आठ आठवडे थांबायचं. चमक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताशी आणि यकृताशी ताडून 1 ते 5 गुण देतात, त्याला डोव्हिल म्हणतात. 4 किंवा 5 आले तर सहसा सुईने तुकडा घेऊन बघतात, पोट फाडत नाहीत.

आई शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात का? स्कॅनवाल्यांना आधीच सांगा. त्याने आतडी उजळतात आणि पोटातली गाठ वाचणं अवघड होतं.

आणि मामांची पाणथरी काढली होती का? न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूची लस झाली आहे ना? पाणथरी नसली की असा जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो, म्हणून साधा ताप आला तरी त्याच दिवशी दवाखाना.

सोलापूरकर: माझीही गाठ राहिली होती. डोव्हिल 2. तीन वर्षं झाली, आहे तिथेच आहे. स्कॅनआधी उपाशी राहायचं, आणि आदल्या दिवशी धावपळ नको. मी जिना चढून गेलो होतो, टेक्निशियन रागावला.

मिरजेची_लेक: सिस्टर, आई मेटफॉर्मिनच घेते. कुणी विचारलंच नव्हतं. मामाला फोन केला. पाणथरी काढली आहे. लसीचं विचारलं तर म्हणाला, "कसली लस?" सोमवारी आधी त्यालाच नेते.