शब्दचर्चा : जिवाणूची ‘जाती’ की ‘प्रजाती’?

प्रश्न : नागपुरात रुग्णांसाठी कल्चर रिपोर्ट (नमुन्यातले जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीचा अहवाल) समजावणारी मराठी पुस्तिका करतोय. ‘स्पीशीज’ला पेपरवाले सर्रास ‘प्रजाती’ लिहितात. शाळेत आम्ही ‘जाती’ शिकलो होतो. लॅबमधलं कोणी सांगेल का?

उत्तर : दादा, ‘जाती’च बरोबर. मराठी विश्वकोशातही जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. हिंदीत स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात, जीनसला ‘वंश’. आपल्या नागपुरात तर दोन्ही भाषा एका दमात बोलल्या जातात, घोटाळा तिथूनच. वाघाच्या बातमीत तो खपून जातो. लॅबमध्ये नाही, कारण कोणती तपासणी प्रजातीपर्यंत नेते आणि कोणती जातीपर्यंत, यावरच सगळं अडतं.

रक्ताच्या कल्चरची बाटली पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जिवाणू वाढले, की आधी ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. १८८४ची पद्धत, पण आजही डॉक्टरांना पहिला फोन तिच्यावरूनच जातो. जांभळे गोल जिवाणू, द्राक्षांच्या घडासारखे झुबके : बहुधा स्टॅफिलोकॉकस. ही झाली प्रजाती. दुसऱ्या दिवशी प्लेटवर वाढ दिसली की वसाहत (जिवाणूंचा दिसणारा ठिपका) सशाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) कालवून नळी ३७ अंशांवर ठेवायची. चार तासांनी नळी तिरकी करून बघायची. गुठळी धरली तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस ही जाती, म्हणजे धोक्याची घंटा. नाही धरली तर रात्रभर ठेवून पुन्हा बघायचं. तरीही पातळच राहिली तर त्वचेवरची एखादी जाती, जी रक्त काढताना बाटलीत शिरलेली असू शकते. प्रजाती तीच, पण एकीला लगेच औषध सुरू, दुसरीला कदाचित काहीच नको.

प्रतिसाद : ताई, मॅल्डी-टॉफ (जिवाणू ओळखणारं यंत्र) आल्यावर ही नळी कशाला?

उत्तर : मॅल्डी-टॉफ उत्तमच. वसाहतीचा ठिपका स्टीलच्या पट्टीवर लावायचा, लेझर मारायचा, प्रथिनांचा आलेख ओळखीच्या जिवाणूंच्या संग्रहाशी ताडायचा. काही मिनिटांत बहुतेकदा थेट जाती मिळते. पण वसाहत वाढेपर्यंत सहसा थांबावं लागतंच, आणि यंत्र महाग. ई. कोलाय आणि शिगेला या जवळच्या जिवाणूंत ते गोंधळतं, तिथे जैवरासायनिक चाचण्या अन् ठरावीक जिवाणूला चिकटणारी सिरम लागतात. अँटिबायोटिक आधीच दिल्यामुळे काही वाढलंच नाही, तर थेट नमुन्यातून जिवाणूच्या १६एस नावाच्या जनुकाचा क्रम वाचतात. डीएनएची सुमारे १,५०० अक्षरं. त्यातून प्रजाती सहसा कळते, जाती दरवेळी नाही.

प्रतिसाद : ‘जंतूची जात’ वाचून लोक भलताच अर्थ काढतील, म्हणूनच ‘प्रजाती’ रूढ झालं असेल.

उत्तर : ही अडचण खरी आहे. मग सरळ ‘स्पीशीज’ लिहा, पेशंट डॉक्टरांकडून तोच शब्द ऐकतात. पण ‘प्रजाती’ नको. एन्टेरोकॉकस फीकॅलिसवर अ‍ॅम्पिसिलिन हे अँटिबायोटिक सहसा चालतं, एन्टेरोकॉकस फीशियमवर सहसा नाही. प्रजाती दोघांची एकच. आणि दादा, रिपोर्टात नावापुढे ‘एसपी.’ असेल तर पुस्तिकेत एवढंच लिहा : प्रजाती कळली, जाती ठरलेली नाही.