मदत हवी आहे: काँगोचा खरा मित्र कोण?

नमस्कार मंडळी. मी बारावीला राज्यशास्त्र शिकवते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या परराष्ट्र धोरणावर तास घ्यायचाय आणि एका जागी अडकलेय.

२०२२ मध्ये काँगो पूर्व आफ्रिकी समुदाय या शेजारी देशांच्या गटात गेला. रवांडा तिथे आधीपासूनच सदस्य, आणि पूर्व काँगोत सरकारविरुद्ध लढणाऱ्या एम२३ बंडखोरांच्या पाठीशी रवांडाच आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार मांडलंय. त्या समुदायाची फौज बोलावली, २०२३ अखेर परत पाठवली. मग दक्षिण आफ्रिका खंडातल्या देशांच्या गटाची फौज आली. जानेवारी २०२५ मध्ये पूर्वेचं गोमा शहर एम२३च्या हाती पडलं आणि तीही माघारी निघाली. जूनमध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने वॉशिंग्टनला रवांडाशी शांतता करार! जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट (बॅटऱ्यांना लागणारा धातू) काँगोतलं, पण बऱ्याच मोठ्या खाणी चिनी कंपन्यांकडे. मग अमेरिकेला जवळ करणं ही चीनवरची नाराजी, की जीव वाचवायची धडपड? मला यातलं दुसरं कारण खरं वाटतं, पण मुलांसमोर नुसतं वाटून भागत नाही.

माझे मामा शांतिसेनेतून गोमाला होते. काळ्या लाव्हाच्या दगडांच्या भिंती, चुकुडू नावाच्या लाकडी दुचाकीवर कोळशाची पोती लादून ढकलणारी माणसं, असे त्यांचे फोटो वर्गात दाखवणार आहे.

इथे कुणी तिकडे नोकरी-व्यापारानिमित्त राहिलंय का? चिनी, अमेरिकी, रवांडाच्या लोकांबद्दल तिथली साधी माणसं काय बोलतात? आणि खनिजांच्या बदल्यात रस्ते बांधून देण्याचा चीनसोबतचा २००८ चा करार कुणी फ्रेंच जाणणारं समजावून देईल का? तास पुढच्या गुरुवारी आहे.