सिम्युलेटरची खरी मजा छोट्या ॲरोबॅटिक विमानांत आहे, एअरबसमध्ये नाही

उलटा पतंग
परवा एका मित्राकडे गेलो होतो. पठ्ठ्याने घरी फ्लाइट सिम्युलेटर मांडलाय. दोन मॉनिटर, थ्रॉटलचा (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचे दांडे) भारी संच, सगळा थाट. मुंबई-दिल्ली चाललं होतं. मी तासभर बसलो, तेवढ्या वेळात त्याने जॉयस्टिकला एकदाही हात लावला नाही. विमान ऑटोपायलट चालवतोय आणि हा कांदाभजी खातोय. म्हटलं, स्क्रीनवरचे आकडे बघत बसायचे तर दिवसभर ऑफिसात तेच करतोस की!

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये पिट्स, एक्स्ट्रा ३३० आणि कॅप १० ही छोटी ॲरोबॅटिक, म्हणजे हवेत कसरती करायची विमानं आयती मिळतात, वेगळा पैसा नाही. लोक ती एकदा उलटी करून बघतात, आपटतात आणि गुपचूप जंबोकडे वळतात. माझं म्हणणं, आठ दिवस फक्त हॅमरहेड घोटा: विमान सरळ वर न्यायचं, थांबता थांबता बाजूला वळवून सरळ खाली आणायचं.

पूर्ण थ्रॉटल द्यायचा, स्टिक ओढून विमान खांबासारखं उभं करायचं. समोर नुसतं आभाळ, तिकडे बघून काही कळत नाही. मान डावीकडे वळवायची आणि पंख क्षितिजाशी काटकोनात आहे ना, ते बघत राहायचं. वेग गळत जातो. पंख्याच्या पिळामुळे विमान हळूच डावीकडे कलायला लागतं, म्हणून उजवा एलेरॉन (पंखावरची विमान कलवणारी फळी) थोडा थोडा वाढवायचा. आणि विमान आता थांबणार असं वाटलं की डावा रडर (शेपटीची नाक वळवणारी उभी फळी) पूर्ण. नाक वायपरसारखं आभाळ पुसत खाली येतं. त्याच क्षणी एलेरॉन उजवीकडे आणि स्टिक जराशी पुढे, नाहीतर सगळं वाकडं होतं. रडर लवकर दिलात तर ते नुसतं मोठं वळण होतं, उशीर केलात तर विमान शेपटीवर मागे घसरतं. मला सरळ रेषेत खाली यायला तीन आठवडे लागले. साधी जॉयस्टिक आहे, मूठ पिरगाळली की रडर. पेडलसुद्धा नाहीत.

एअरबसवाला
तो मित्र मी नाही, पण भजी लागली! अहो, ऑटोपायलट लावला म्हणजे काम संपलं असं कोणी सांगितलं? सगळं बंद असलेल्या विमानापासून सुरुवात करायची, इंधनाचा हिशोब मांडायचा, मार्ग भरायचा, व्हॅटसिमवर (हौशी लोकांचं ऑनलाइन हवाई नियंत्रण) खऱ्या माणसाशी कंट्रोलरच्या भाषेत बोलायचं, आणि मुंबईत पावसाळी वाऱ्यात एअरबस ए३२० उतरवायचं. तुमचं विमान बारा मिनिटांत चार गिरक्या घेऊन परत येतं. कुठे गेलात, तर कुठेच नाही.

उलटा पतंग
बारा मिनिटंच. तळव्याला घाम फुटतो, त्याहून जास्त झेपत नाही. स्पर्धेतसुद्धा सगळा खेळ १००० मीटर लांब, रुंद आणि उंच अशा हवेच्या खोक्यात करून दाखवायचा असतो. कुठे जायचंच नसतं. गायकाला रियाजाला बसल्यावर कुठे पोचलात विचारतो का कोणी?

माजी वैमानिक
दोघांचंही चुकतंय. मी हवाई दलात दीपकवर शिकलो, म्हणजे एचपीटी-३२. पंख्याचं विमान, शेजारी शेजारी बसायचं. पहिल्या लूपला (हवेत उभी गोल गिरकी) प्रशिक्षक म्हणाले, "वर बघ, क्षितिज शोध." मला मान वर करता येईना. ४ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट ओढ, ७० किलोचा माणूस २८० किलोचा होतो. गाल ओघळतात, हात मांडीवर ठेवला तर तिथेच चिकटतो. पोटाचे, पायाचे स्नायू आवळून धरले नाहीत तर डोळ्यांपुढे आधी करडं होतं, मग काळं. लूप म्हणजे हे. तुमच्या खुर्चीत यातलं काय आहे? स्क्रीनच्या कडा काळ्या होतात, बस्स. रबराच्या साबणाने आंघोळ.

दुसरं त्याहून गंभीर. तिथे रीसेटचं बटण आहे. पोरं शंभर फुटांवर उलटी उडतात, आपटतात, हसतात, परत सुरू. संजय गांधी २३ जून १९८० ला दिल्लीत गेले ते पिट्सच्याच अपघातात, ॲरोबॅटिक्स करताना. बरोबरचे कॅप्टन सक्सेनाही गेले. ही विमानं खेळणी नाहीत.

उलटा पतंग
काका, जी-चं शंभर टक्के मान्य. पण आमच्यासारख्या हौशी माणसाने खरं एक्स्ट्रा कुठे आणि कोणाच्या पैशाने उडवायचं? आणि अंगाला काही कळत नाही म्हणून तर सगळं डोळ्यांवर येतं. क्षितिज कुठे, पंख कुठे, जमीन किती वेगाने मोठी होतेय. ही नजर खोटी कशी म्हणता?

रीसेटबद्दल मात्र कबूल, मीसुद्धा शंभर फुटांवर उलटा गेलोय. आता स्वतःला नियम घातलाय, तीन हजार फुटांखाली काही करायचं नाही. आपटलो तर त्या दिवशीचा सिम बंद.

बालसा लाकूड
मी रिमोटची विमानं उडवतो, बालसाची आणि थर्माकोलचीही. रीसेट नको असेल तर आमच्या मैदानावर या. आपटलं की दोन रात्री फेविक्विक आणि टेप घेऊन बसायचं, आणि बायकोला "हे जुनंच आहे" असं सांगायचं. शिस्त आपोआप लागते.

घाटावरची पूर्वा
एक प्रश्न. हॅमरहेड डावीकडेच का? उजवीकडे केला की माझं विमान नुसतं थरथरतं आणि नाक खाली टाकतं.

उलटा पतंग
पिट्स, एक्स्ट्रा, दोघांना लायकॉमिंग इंजिन. कॉकपिटातून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याचा वारा मळसूत्रासारखा गुंडाळत मागे जातो आणि उभ्या शेपटीला डावीकडून धक्का देतो, म्हणजे नाक डावीकडे जायला तयारच असतं. उजवीकडे नेताना तुम्ही त्या वाऱ्याशी भांडता. रशियन याक-५२ वर करून बघा. तिथे पंखा उलटा फिरतो, त्यामुळे उजवीकडे लोण्यासारखा जातो.

एअरबसवाला
हे सगळं वाचायला छान आहे. पण उलटं उडण्याचा उपयोग काय? सर्कसच ना?

घाटावरची पूर्वा
उपयोगाचं एक उदाहरण देते. १९७० साली नील विल्यम्स नावाचा ब्रिटिश ॲरोबॅटिक वैमानिक झ्लिन विमानात सराव करत होता. पंखाचा मुख्य आधार मोडला आणि पंख वर दुमडायला लागला. त्याने विमान उलटं केलं! आता भार उलट्या बाजूने आला, पंख परत जागेवर बसला. तसाच उलटा धावपट्टीपर्यंत आला, अगदी जमिनीजवळ सुलटा केला आणि पोटावर टेकवला. स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

माजी वैमानिक
खरी गोष्ट आहे. पण ताई, त्याने ते खुर्चीत बसून शिकलं नव्हतं.

घाटावरची पूर्वा
नाहीच. मी "सर्कस"ला उत्तर दिलं, तुम्हाला नाही. 🙂

एअरबसवाला
बरं, काल रात्री पिट्स उघडलं. उड्डाण जमलं, एक रोल, म्हणजे कुशीवर पूर्ण गोल फिरणं, जमला, दुसऱ्यात सह्याद्री उलटा दिसला आणि खरं सांगायचं तर मी ओरडलो. बायको बघायला आली. पण उतरायचं कसं? नाक वर केलं की समोर काहीच दिसत नाही, धावपट्टी गायब! टेकलो, शेपटी गर्रकन पुढे आली, पंख घासला, गवतात. सहा वेळा. घड्याळाच्या काट्यासारखं नेमकं मी ए३२० मध्यरेषेवर ठेवतो आणि या डबड्याने मला सहा वेळा गवतात घातलं.

माजी वैमानिक
तिसरं चाक शेपटीखाली असलेलं विमान आहे ते. वजन मुख्य चाकांच्या मागे, म्हणून शेपटीला पुढे यायची घाई. सरळ लांबून येऊ नका. धावपट्टी बाजूच्या काचेतून दिसत राहील असं वळत वळत या, शेवटी सरळ करा. मग समोर बघूच नका. डावी आणि उजवी, दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यात ठेवा. दोन्हीकडे सारखं गवत दिसलं म्हणजे तुम्ही मध्ये. टेकल्यावर स्टिक पोटात, आणि पाय थांबवायचे नाहीत. विमान उभं राहीपर्यंत रडर चालू.

एअरबसवाला
पाय नाहीत हो, मूठ पिरगाळायची जॉयस्टिक आहे.

माजी वैमानिक
मग मनगट. सातवा प्रयत्न करा आणि सांगा. जी-चा मुद्दा मी सोडलेला नाही.