विद्यापीठाच्या इमारतीचं काम निघालं तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

कैरीपन्हं
काल अंधेरी लोकलमध्ये शेजारचा मुलगा फोनवर सांगत होता, "निधी आलाय, विभागाला परांची बांधलीय." परांची ऐकलं आणि एमएचं दुसरं वर्ष आठवलं. सरकारी विद्यापीठ, नाव नको. ग्रंथालयाच्या छताला निळी ताडपत्री, खाली रंगाची रिकामी बादली. टप्… टप्. मी त्या बादलीशेजारीच बसायचे, कारण चालू पंखा तेवढा एकच. दुरुस्ती आम्ही पास होऊन गेल्यावर झाली. परवा जाऊन आले, सगळं चकाचक. बरं वाटलं आणि खरं सांगू, थोडं जळलंही.

गोट्या७
आमच्याकडे प्लास्टर पडलं ते थेट विभागप्रमुखांच्या खुर्चीत. सर त्या दिवशी रजेवर. एरवी कधी रजा न घेणारा माणूस!

चिंगी
@गोट्या७ 😂😂 प्लास्टरला टाइमटेबल माहीत नव्हतं.

बिलेपास
हिशेब विभागात होतो म्हणून सांगतो. 2013 ला रूसा आलं, म्हणजे उच्च शिक्षणाला पैसे देणारी केंद्राची योजना. महाराष्ट्रात पुढे केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. पायाभूत सुविधांच्या पैशाचे तीन वाटे: 35 टक्के नवं बांधकाम, 35 दुरुस्ती, 30 उपकरणं. एका वाट्याचे पैसे दुसरीकडे वळवता यायचे नाहीत. म्हणून वर छत गळतंय आणि खाली नवं यंत्र खोक्यातच, हे दृश्य दिसायचं. शिवाय उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय पुढचा हप्ता यायचा नाही. मार्चमध्ये आम्ही घरी फक्त झोपायला जायचो.

सांताक्रूझकर
तरी आमचा जीव मुंबई विद्यापीठाच्या फोर्टातल्या जुन्या इमारतीतच अडकलेला. दीक्षांत सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. पदवी घ्यायला गेले तेव्हा कुलगुरूंचं भाषण सोडून मी माझी तूळ शोधत होते. तिथल्याच राजाबाई टॉवरचं दुरुस्तीचं काम 2015 ला झालं, तेही टीसीएसच्या पैशाने, सरकारी नाही. मुळात तो बांधलाही प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतूनच, आईच्या नावाने.

चिंगी
सापडली का तूळ?

सांताक्रूझकर
मान दुखली. नाही.

आजोबा_ऑनलाईन
परांचीचे बांबू काथ्याने बांधतात, खिळा एक नाही. आमच्या चाळीला बांधली होती तेव्हा पोरं त्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढायची. मीही. विषयाशी संबंध नाही, पण आठवलं.

चिंगी
कैरीपन्हं ताई, नावावरून विचारते, पन्ह्यात गूळ की साखर?

कैरीपन्हं
गूळच गं. वेलची थोडी, केशर असेल तर.

मुकी_मैना
कधी लिहीत नाही, आज राहवलं नाही. त्या बादलीचं पाणी शिपाईमामा खिडकीतून जास्वंदीला घालायचे का? आणि ओरडायचे, "खाली कोण आहे रे?"

कैरीपन्हं
अगं!! आधी ओतायचे, मग ओरडायचे!! कुठली बॅच तुझी?