मदत हवी आहे: लेवांडोवस्कीचे बुंडेसलीगातले गोल जुळत नाहीत

पेठेतला_नऊनंबर
लेवांडोवस्कीचे बुंडेसलीगातले (जर्मनीची मुख्य फुटबॉल लीग) गोल हंगामवार मांडले आणि बेरीज मारली, 304 येतात. जिथं बघावं तिथं 312 लिहिलंय. हे 8 गोल कुठं गेले? तालमीच्या क्विझचे प्रश्न आज रात्री छापायला जायचेत, जरा लवकर सांगा.

गोलजाळी
कुठले हंगाम धरलेत? फक्त बायर्न की डॉर्टमुंडसकट? फक्त लीग की पोकल (जर्मन कप), चॅम्पियन्स लीगही? तक्ता इथं टाका, नुसत्या 304 वरून काय कळणार?

पेठेतला_नऊनंबर
दोन्ही क्लब, फक्त लीग. बुंडेसलीगा लिहिलंय की वर.

राईटबॅक_सातारा
पेनल्टी वगळल्या असतील तुम्ही. काही तक्त्यांत त्यांचा रकाना वेगळा असतो.

गोलजाळी
पेनल्टी वगळल्या तर फरक आठावर थांबणार नाही, कितीतरी मोठा येईल. बायर्नमध्ये वर्षानुवर्षं पेनल्टी तोच मारायचा.

राईटबॅक_सातारा
मग 312 मध्ये पोकलचे गोल घुसलेत. अशी सरमिसळ खूप ठिकाणी होते.

आकडेमोड
नाही, 312 शुद्ध लीगचे आहेत. सरमिसळ होते ती 344 च्या बाबतीत. ते बायर्नसाठीचे सगळ्या स्पर्धांतले गोल, 375 सामन्यांत. त्यातले लीगचे 238, चॅम्पियन्स लीगचे 69, बाकी पोकल, सुपर कप आणि क्लब वर्ल्ड कप.
धागाकर्ते, तुमची डॉर्टमुंडची बेरीज 66 येतेय का?

पेठेतला_नऊनंबर
हो, 66. 22, 24, 20.

आकडेमोड
म्हणजे 2010-11 तक्त्यात नाही. डॉर्टमुंडचा पहिला हंगाम, 33 सामने, 8 गोल. पूर्ण यादी अशी:
डॉर्टमुंड: 8, 22, 24, 20. एकूण 74, सामने 131.
बायर्न (2014-15 पासून): 17, 30, 30, 29, 22, 34, 41, 35. एकूण 238, सामने 253.
74 आणि 238 मिळून 312, सामने 384.

पेठेतला_नऊनंबर
मी 2011-12 पासून धरलं होतं, तो स्ट्रायकर म्हणून तिथूनच खेळतो ना! पहिल्या वर्षी त्या जागेवर बारियोस होता.

गोलजाळी
हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच प्रतिसादात सुटलं असतं. बारियोस नऊ नंबर (मुख्य स्ट्रायकर) होता हे खरं, लेवा बरेचदा बाकावरून यायचा. मिडफिल्डर कागावा जानेवारी 2011 च्या आशियाई कपमध्ये जखमी झाल्यावर त्याला स्ट्रायकरच्या मागेही खेळवलं. पण गोल कुठल्याही जागेवरून मारला तरी खात्यावर जमा होतोच. पुढं कोपा अमेरिकात बारियोसला दुखापत झाली आणि नऊची जागा याला मिळाली.

फ्रीट्रान्सफर
क्विझमध्ये हेही घ्या: 2014 मध्ये लेवासाठी बायर्नने डॉर्टमुंडला एक युरोही दिला नाही. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी थेट बोलू शकतो, म्हणून जानेवारीत जाहीर झालं आणि जुलैत तो गेला. 2022 मध्ये मात्र करार एक वर्ष शिल्लक होता, त्यामुळे बार्सिलोनाला 45 दशलक्ष युरो मोजावे लागले, वर कामगिरीनुसार 5.

राईटबॅक_सातारा
हे कुणी विचारलं होतं? आणि गेर्ड म्युलरपुढं 312 चं एवढं कौतुक कशाला? म्युलरचे 365, तेही 427 सामन्यांत. सामन्याला 0.85. लेवाचे 0.81.

आकडेमोड
सरासरीत म्युलर पुढं आहे, मान्य. पण एका हंगामातला म्युलरचा 40 गोलांचा विक्रम 1971-72 पासून टिकून होता, तो लेवाने 2020-21 मध्ये 41 करून मोडला. शेवटचा गोल ऑग्सबुर्गविरुद्ध 90 व्या मिनिटाला. अँडोराविरुद्ध गुडघा दुखावल्यामुळे मधले सामने हुकले, लीगचे 29 च खेळला. असं असूनही वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर 2021 मध्ये मेस्सीला, 613 विरुद्ध 580 गुणांनी. आणि 2020 चा पुरस्कार तर रद्दच केला. तो अन्याय होता असं माझं ठाम मत आहे.

राईटबॅक_सातारा
मेस्सीने त्या वर्षी कोपा जिंकली होती. बस.

गोलजाळी
बॅलन डी'ओरसाठी वेगळा धागा काढा, इथं माणसाला छापायचंय.

पेठेतला_नऊनंबर
जुळलं, 312. आता दोन गोष्टी पटकन. वोल्फ्सबुर्गविरुद्धचे 5 गोल कितव्या मिनिटाला? आणि चॅम्पियन्स लीगचे एकूण किती?

गोलजाळी
22 सप्टेंबर 2015. बायर्न 0-1 मागे होतं, हा मध्यंतरानंतर बदली म्हणून आला. गोल 51, 52, 55, 57, 60. प्रश्नात 'बदली खेळाडू' हा शब्द जरूर ठेवा, तिथंच पोरं अडकतात.

आकडेमोड
चॅम्पियन्स लीग: डॉर्टमुंड 17, बायर्न 69, बार्सिलोनात 5, 3 आणि 11. एकूण 105. डॉर्टमुंडच्या 17 मध्ये 24 एप्रिल 2013 चे रिआल माद्रिदविरुद्धचे चारही आले, त्यातला चौथा पेनल्टीवर. प्रश्नाखाली '2024-25 हंगामाअखेर' एवढं छापा. ते नसेल तर नंतरचा गोल धरून कुणीतरी आक्षेप घेईल आणि गुण द्यावे लागतील.