कारवी नाशकात अंगणात जगते का?

मधुमालती_गंगापूररोड
नमस्कार मंडळी, घरामागं थोडी जागा आहे, तिथं फुलपाखरं आणि मधमाश्यांसाठी बाग करतेय. कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, रुई लागलीये. पण मनात कारवी आहे, ते डोंगरातलं जांभळ्या फुलांचं झुडूप. लहानपणी बाबांबरोबर अंजनेरीच्या डोंगरावर गेले होते तेव्हा अख्खा उतार जांभळा आणि माश्यांची गुणगुण पार पायवाटेपर्यंत, ते डोक्यातून जातच नाही. जूनमध्ये एकांनी दोन रोपं दिली, श्रावणात दोन्ही गेली. उपटून बघितलं तर बुंधा काळा पडलेला, बोटानं साल निघून आली. जमीन काळी आहे. कुणी जगवलीय का?

सह्याद्रीवेडा
ताई, खड्डा करून लावली होती ना? तिथंच घात झाला. काळ्या मातीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाण्यानं भरलेली वाटी. कारवी डोंगरउतारावरची, कितीही पाऊस पडो पाणी मुळाशी थांबत नाही तिथं. खड्डा नकोच, जमिनीच्या वर गुडघाभर उंच ढीग करा, निम्म्याहून जास्त मुरूम, बाकी कुजलेला पालापाचोळा आणि थोडी माती, त्यावर लावा.
आणि एक कळकळीची विनंती, डोंगरावरून रोप उपटून आणू नका, कुणी आणून दिलं तरी घेऊ नका. बियांपासूनच करा.

त्र्यंबकचा_बाळू
आमच्याकडं कारवीच्या काठ्यांचे कूड, म्हणजे घराच्या भिंती, असायचे, वरून शेणमातीचा लेप. फुलते सात वर्षांनी एकदा आणि फुलली की झाड वाळतं, बोंडं त्यावरच सुकतात, ते बी मिळालं तर बघा. पण ताई, बियांपासून लावली तर तोवर माश्यांनी काय खायचं? शेजारी धायटी लावा. आपल्याच डोंगरातली, थंडी सरता सरता फांदीभर लाल फुलं, माश्या तर येतातच, शिंजीर पक्षीही दिवसभर हलत नाही. पाणी साचू दिलं नाही तर फार लाड लागत नाहीत.

मधुमालती_गंगापूररोड
बाळूदादा, सह्याद्रीदादा, खूप आभार. खड्डाच केला होता, तोही चांगला दोन फूट, वर शेणखत भरून, मला वाटलं लाड करतेय. ती रोपं कुठून आली हेही विचारलं नव्हतं, पुढच्या वेळी विचारेन. मुरूम आजच सांगून ठेवलाय. धायटी ढिगावरच लावू की खाली कुंपणाशी?

त्र्यंबकचा_बाळू
कुंपणाशीच, पण तिथंही माती थोडी उंच करा. चांगली पसरते, ढिगावर लावलीत तर कारवीवर सावली धरेल.